दारावरची थाप

वाचकहो, अशी कल्पना करा की रात्रीचे दोन वाजले आहेत. घरातील सारी माणसे आपापल्या अंथरुणात आहेत. अशा वेळी दारावर थाप पडते आणि बाहेरून आपल्याच आईच्या आवाजात आपले नाव ऐकू येते. आई तर आत, शेजारच्या खोलीत निजलेली आहे. आपण काय कराल?

हा प्रश्न एखाद्या रहस्यकादंबरीतला नव्हे. १९९० नंतरच्या दशकात बंगळूर शहरातील आणि आसपासच्या खेड्यांतील असंख्य कुटुंबांनी तो एकमेकांना विचारला, आणि त्याचे उत्तर खडूने वा कोळशाने आपल्या दारांवर लिहून ठेवले. उत्तर दोनच शब्दांचे होते : ‘नाळे बा’. कानडीत याचा अर्थ ‘उद्या ये’.

शहराच्या पश्चिम भागात राजाजीनगर नावाची मोठी वसाहत आहे. १९४९ साली तत्कालीन गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचा शुभारंभ झाला आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. आखीव रस्ते, क्रमांक दिलेले ब्लॉक, उद्योगवसाहतीतील लहानमोठे कारखाने, कामगार विमा रुग्णालय, राममंदिर, नवरंग चित्रपटगृहाच्या नावाने परिचित असलेला गजबजलेला चौक, असा तिचा थाट. भुताखेतांनी वस्तीस यावे असे तेथे काहीच नाही. ना ओसाड वाडा, ना गावकुसाबाहेरची विहीर. कामावर वेळेवर जाणारी आणि घड्याळाच्या गजराने उठणारी माणसे तेथे राहतात. तरीही त्या दिवसांत तेथील दारांवर ती अक्षरे उमटली होती.

मावशीच्या घरची गोष्ट

माझ्या एका मावशीचे बिऱ्हाड तेव्हा राजाजीनगरात होते. मावशी मूळची कोल्हापूरकडची; पण वीस वर्षांच्या वास्तव्याने ती कानडी उत्तम बोलत असे. काका एका कारखान्यात पाळीने कामाला जात. मावशीने आधी त्या अफवेची थट्टाच केली. परंतु समोरच्या दारावर अक्षरे दिसली, मग शेजारच्या दारावर दिसली, आणि तिसऱ्या दिवशी मुलांनी शाळेतून आणलेल्या खडूने मावशीनेही दारावर ‘नाळे बा’ लिहिले. “खोटे असले तर खडूची पूड वाया जाईल, खरे असले तर?” असे तिचे म्हणणे.

अफवा अशी होती की एक चेटकीण रात्री दारोदार फिरते. ती दार ठोठावते आणि घरातल्याच कुणा माणसाच्या आवाजात हाक मारते. जो दार उघडतो, त्याचा मृत्यू ओढवतो. मात्र दारावर ‘उद्या ये’ असे लिहिलेले दिसले, की ती निमूटपणे परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते आणि पुन्हा परत जाते.

त्या आठवड्यात काकांची दुसरी पाळी होती. एका रात्री कारखान्यात काम लांबले आणि काका नेहमीपेक्षा दोन तास उशिरा घरी पोहोचले. त्यांनी दार ठोठावले. आत मावशी आणि दोन्ही मुले जागीच होती. काकांनी मावशीला नावाने हाक मारली. आत शांतता. त्यांनी पुन्हा हाक मारली. मुलांनी आईला घट्ट धरले. तिसऱ्या हाकेस मात्र मावशीने सारे धैर्य एकवटले आणि आतूनच मोठ्याने ओरडून सांगितले, “नाळे बा!”

लग्नानंतरच्या वीस वर्षांत मावशीने काकांना एकेरी संबोधल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

काका बिचारे दिवसभराचे थकलेले. ते म्हणाले, “उद्या तर येणारच आहे, पण आजही मला येथेच निजायचे आहे!” चेटकीण असे बोलणार नाही, याची खात्री पटायला मावशीला आणखी काही क्षण लागले. पुढे कित्येक वर्षे ही हकीगत घरात हसून सांगितली जाई. परंतु त्या रात्री कोणी हसले नव्हते, हेही मावशी आवर्जून सांगत असे. मुले नंतर कितीतरी रात्री दिवा लावून झोपत.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक साधी युक्ती केली. रात्री घरी आल्यावर आधी सायकलची घंटी दोनदा वाजवायची, क्षणभर थांबायचे आणि मग एकदा वाजवायची, अशी खूण त्यांनी ठरवून दिली. ती खूण घरच्या चौघांनाच ठाऊक होती. तेव्हापासून काकांना बाहेर तिष्ठावे लागले नाही. त्या सायकलच्या घंटीकडे आपण लेखाच्या अखेरीस पुन्हा वळणार आहोत.

आधी भीती, मागून भूत

या अफवेतील युक्तिवाद मोठा गमतीचा आहे. आपल्याकडील किराणा दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते, तोच हा न्याय. उद्या कधी उगवतच नाही. गिऱ्हाईक पाटी वाचून परत जाते, आणि चेटकीणही. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे आपल्याही आज्या सांगत. हडळ, जखीण, मुंजा, चकवा ही आपली मंडळी तर प्रसिद्धच आहेत. या कानडी कल्पनेतील कथाबीज इतके पक्के निघाले, की २०१८ साली ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाने तिचा आधार घेतला आणि ती देशभर पोहोचली.

परंतु गोष्ट मनोरंजक आहे एवढ्यावरून हजारो माणसे खडू हाती घेत नाहीत. मग असे का घडते?

याचे एक मार्मिक उत्तर आपल्याच देशातील एका अभ्यासातून मिळाले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने टिपून ठेवल्या. भूकंपाचा धक्का जाणवला होता, पण घरे पडली नव्हती, अशा भागांतही आणखी मोठे अरिष्ट येणार असल्याच्या अफवा जोरात पसरल्या, असे त्यातून दिसले. वास्तविक तेथील लोकांना दिलासा देणाऱ्या बातम्या हव्या होत्या. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात याची उकल केली, ती अशी : त्या लोकांच्या मनात भीती आधीच भरलेली होती, पण तिला शोभेल असे कारण डोळ्यांसमोर नव्हते. अफवेने ते कारण पुरविले.

म्हणजे भूत येते म्हणून माणसे भितात असे नाही. पुष्कळदा माणसे भ्यालेली असतात म्हणून भूत येते. झपाट्याने वाढणाऱ्या शहरात शेजारी नवे, रस्ते अनोळखी, घरधनी रात्रपाळीला आणि घरात एकटी बाई व मुले, अशी स्थिती असली की भीतीला आधीच जागा झालेली असते. त्यात रात्रीची निसर्गलीला भर घालते. उन्हात तापलेली लाकडी दारे रात्रीच्या गारव्याने आकसतात आणि करकरतात. जागेपणा व झोप यांच्या उंबरठ्यावर असताना आपले नाव कोणी उच्चारल्याचा किंवा थाप पडल्याचा भास निरोगी माणसासही होतो. तो भास चेटकिणीच्या गोष्टीत नेमका बसतो, आणि सकाळी पाणवठ्यावर नवा साक्षीदार तयार होतो.

याच बंगळुरात डॉ. एच. नरसिंहय्या नावाचे व्रतस्थ शिक्षक होऊन गेले. १९६२ साली त्यांनी बंगलोर सायन्स फोरमची स्थापना केली. पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९७६ साली, चमत्कारांची व अंधश्रद्धांची पारख करण्यासाठी त्यांनी एक समिती नेमली. प्रश्न विचारण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ‘नाळे बा’च्या दिवसांत एकच प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ काम झाले असते : ज्याने दार उघडले आणि जो मेला, त्याचे घर कोणते? ते घर नेहमी पलीकडच्या पेठेत असे. आणि पलीकडच्या पेठेत गेले, की ते आणखी पलीकडे असे.

खरी थाप

तथापि वाचकहो, एवढ्यावर लेख संपवून ‘भिण्याचे काही कारण नाही’ असे सांगितले, तर ती आपली फसवणूक होईल. कारण दारावरची थाप नेहमीच खोटी नसते.

पुण्यातील जुन्या पिढीच्या कोणासही विचारा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्या शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने ते प्रकरण आजही ओळखले जाते. संध्याकाळ झाली की दारे बंद होत. घंटा वाजली तरी आतून दहा प्रश्न विचारल्याशिवाय कडी निघत नसे. हे खून कोण्या अघोरी शक्तीने केले नव्हते. ते करणारे महाविद्यालयात शिकणारे चार तरुण होते. चारचौघांसारखे दिसणारे, चारचौघांत वावरणारे. पोलिसांच्या चिकाटीच्या तपासाने ते सापडले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास त्यांना फाशी देण्यात आले.

बंगळूरमध्येही, ज्या दशकात दारांवर ‘नाळे बा’ लिहिले जात होते त्याच दशकात, एक खरीखुरी टोळी त्या परिसरात फिरत होती. होस्कोटेनजीकच्या दंडुपाळ्य या गावाच्या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. १९९९ साली तिचे म्होरके पकडले गेले. तिची रीत खटल्यांतून उघड झाली, ती अंगावर काटा आणणारी आहे. ही माणसे दिवसाउजेडी घरे हेरीत. एकाकी घर आणि त्यात एकटेदुकटे माणूस दिसले, की प्यायला पाणी मागण्याच्या किंवा पत्ता विचारण्याच्या निमित्ताने दार उघडवून घेत. आणि मग आत शिरून लूट व हत्या करीत. त्यांच्यावर बंगळूरमध्ये विशेष न्यायालयात खटले चालले. काहींना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे उच्च न्यायालयात त्यांपैकी काही शिक्षा जन्मठेपेच्या झाल्या, तर काही खटल्यांत पुराव्याअभावी सुटकाही झाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. शहर रात्रभर जागे राहून चेटकिणीची वाट पाहत होते, आणि घात मात्र तांब्याभर पाणी मागत, साध्या माणसाच्या वेशात येत होता. खडूची अक्षरे त्याला अडवू शकत नव्हती. खोट्या भीतीचे मोठे नुकसान हेच, की ती आपले सारे लक्ष चुकीच्या दाराकडे वेधून घेते. रात्री न झोपलेली गृहिणी दुपारी अधिक सावध असेल, असे थोडेच आहे!

निरपराधांची थाप

परंतु अफवेचे सर्वांत भयंकर रूप याहून निराळे आहे. दारावरील खडूने कोणाचा जीव घेतला नव्हता. पुढे मात्र अफवेच्या हाती काठी आली.

२०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून देशभर पसरली. तिच्यासोबत एक चित्रफीतही फिरत होती. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ती माणसे मूल परत आणून ठेवतात आणि मुले हरवणे किती सोपे आहे, हे सांगणारा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला, आणि उरलेला तुकडा आपल्या देशात पुरावा म्हणून फिरू लागला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात राजाजीनगरपासून काही मैलांवर असलेल्या चामराजपेठेत जमावाने राजस्थानातून आलेल्या एका तरुणास मुले पळविणारा समजून जिवे मारले. त्यानंतर दीड महिन्यानेही पुरता लोटला नव्हता, तोच १ जुलै २०१८ रोजी आपल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांचा बळी गेला. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. ते भिक्षा मागून पोट भरीत. आठवडा बाजाराच्या दिवशी जमावाने त्यांना गाठले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच मारहाण करून ठार केले.

वाचकहो, डवरी गोसाव्याची थाप आपल्या पूर्वजांना परकी नव्हती. वासुदेव, गोंधळी, जोशी, नंदीबैलवाला यांच्याप्रमाणे तोही वर्षातून एकदा दारी येई. गृहिणी सुपातून धान्य घाली, तो घराचे कल्याण चिंती आणि पुढच्या गावी जाई. परक्या माणसासाठी दार उघडण्याची ही रीत ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्याच मुलखात भिक्षेकऱ्यांनी एका कापलेल्या गोष्टीपायी प्राण गमवावेत, याहून अधिक झोप उडविणारी कथा मला ठाऊक नाही. त्यात रहस्य काहीच नाही. तेथे चेटकीण नव्हती, टोळी नव्हती, मुलेही पळविली गेली नव्हती. होती ती केवळ भ्यालेली माणसे, आणि गुन्हा त्यांच्याच हातून घडला.

त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी राज्यांना निश्चित उपाययोजना करण्याचे आदेश दिले. एकच संदेश एका वेळी किती जणांना पुढे पाठविता येईल, यावरही संबंधित कंपनीने भारतात मर्यादा घातली. कायदा आणि यंत्र एवढे करू शकतात. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आपले बोट क्षणभर थांबावे, हे मात्र त्यांच्या हातचे नाही.

आपण काय करावे?

तेव्हा भीती ही गोष्ट टाकाऊ नाही. ती घरातील राखणदार आहे. पण राखणदाराने मालक होऊ नये. तिला योग्य कामाला कसे लावावे, याविषयी काही साध्या गोष्टी येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

अनोळखी माणूस दारी आला, तर दार उघडण्यापूर्वी नाव व काम विचारावे. दाराला साखळी किंवा जाळीचे दुसरे दार असणे उत्तम. तहानलेल्यास पाणी अवश्य द्यावे. परंतु पाणी देण्यासाठी साखळी काढलीच पाहिजे असे नाही. एकटे राहणाऱ्या वृद्धांची दिवसातून एकदा चौकशी करण्याचा नेम शेजाऱ्यांनी ठेवावा. संशय आला तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. जमाव गोळा करू नये. संशयिताला पकडून मारणे हे रक्षण नव्हे, तोही गुन्हाच आहे.

आता तर थाप दारावर न पडता दूरध्वनीवर पडते. पलीकडून मुलाच्या आवाजात कोणीतरी रडत पैसे मागतो. किंवा पोलीस अधिकारी असल्याचे सांगून, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका,’ असे धमकावतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. आवाजाची नक्कल करणारी यंत्रे मात्र आता खरोखर निघाली आहेत. घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारणारी ती चेटकीण अशा रीतीने तीस वर्षांनी प्रत्यक्षात अवतरली, असेच म्हणावे लागेल! फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदविता येते.

आणि येथे काकांची सायकलची घंटी पुन्हा उपयोगी पडते. घरातील सर्वांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवावा. संकटात असल्याचे सांगून कोणी पैसे मागितले, तर आधी तो शब्द विचारावा. काकांनी भुतावर उपाय म्हणून जी युक्ती काढली, ती आजच्या भामट्यावरही तितकीच लागू पडते. कारण ती मंत्रावर विसंबलेली नव्हती, खातरजमेवर विसंबलेली होती.

मुलांना भुताच्या गोष्टी सांगू नयेत, असे मी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या रात्री आजीच्या कुशीत शिरून ऐकलेल्या हडळीच्या गोष्टीची गोडी काही वेगळीच. गोष्ट जरूर सांगावी. मात्र ती शेवटापर्यंत सांगावी. अफवा म्हणजे तरी दुसरे काय? शेवट कापून टाकलेली गोष्ट. ‘पुढे काय झाले? कोणाच्या घरी झाले? तुम्ही स्वतः पाहिलेत का?’ हे तीन प्रश्न ज्या घरातील मुले न भिता विचारतात, त्या घराच्या दारावर काही लिहिण्याची गरज पडत नाही.

मावशीच्या दारावरील ती अक्षरे पहिल्याच पावसात पुसली गेली. काकांनी ती पुन्हा लिहू दिली नाहीत. पुढे त्या दारी रात्री घंटी वाजली, की आतून मुलेच मोजत : एक, दोन... आणि एक. मग मावशी उठून दार उघडत असे.